पंचेचाळिसातले पाच

इथाकाच्या मैदानावर गुडघाभर बर्फ आहे.
दिवसा पोरं त्यावरून स्की घालून जातात,
रात्री एक कोल्हा जातो, तिरका, गोलपोस्टच्या दिशेनं;
त्याच्या खुणा सकाळी सापडतात.
खाली, खोल, बोगदा.
बोगद्यात नळी, नळीत जवळजवळ काहीच नाही,
आणि त्या काहीच-नाहीतून
सेकंदाला चार लाख वेळा
आमचे इलेक्ट्रॉन मैदानाला प्रदक्षिणा घालतात.

पंचेचाळीस पुंजके. एकामागून एक,
हातभर अंतर राखलेल्या शाळेच्या रांगेसारखे.
पहिला सरळ चालतो. दहावाही.
तिसावा किंचित झुलतो.
पंचेचाळिसावा
भिंतीला खांदा घासून मरतो.

हे सगळं त्या 'जवळजवळ'मुळे.
नळीत उरलेली हवा, चिमूटभरही नव्हे,
पुढचे तिला ओरबाडत जातात,
ओरबाडलेली ती रेंगाळते
आणि मागच्यांच्या पायात येते.
पुढच्यांना गंधवार्ता नसते.

मी आधी संगणकात करून बघितलं होतं.
दर पुंजक्याला एक लाख ठिपके,
एकेक ठिपका लाखभर इलेक्ट्रॉनांचा प्रतिनिधी,
निवडून न आलेला.
वीस हजार फेऱ्यांना अकरा तास लागले.
आलेख असा देखणा आला की छापून भिंतीला लावला.
त्यात नळी कोरी होती, पंप कधी न दमणारे,
आणि माझे पंचेचाळीसही सुखरूप.
भिंतीवर ते अजून आहेत.

मग फीडबॅक. त्याचं तत्त्व झोपाळ्याचं:
येणाऱ्याला तळव्यानं अडवा,
परतणाऱ्याला शिवू नका.
पुंजका कुठं सरकला ते यंत्र बघतं, हिशेब करतं,
आणि पुढच्या फेरीला नेमकी टपली मारतं.
मंगळवारी मी एक केबल बदलली, दहा फुटांनी लांब,
तर पुढच्याची चूक
आणि टपली मागच्याला.
बीम गेला.
शाळेत असंच व्हायचं, पण शाळा बुडायची नाही.

डेल्मर व्रूमन, रात्रपाळीचा ऑपरेटर, एकतीस वर्षं.
त्यानं बीमची थरथर एका जुन्या स्पीकरला जोडली आहे,
पडद्याकडे तो बघत नाही.
"शेपूट रडतंय," म्हणतो,
आणि चार सेकंदांनी आकडा कोसळतो.

गेल्या वर्षापासून त्याचा उजवा हात थरथरतो.
त्याबद्दल आम्ही बोलत नाही.
कॉफी तो अर्धा कपच ओततो
आणि दोनदा उठतो.
आज मी भरून आणून दिला, घाईत, चांगुलपणानं.
लॉगबुकवर सांडली,
दोन चाळीसच्या नोंदीवर.
त्यानं बाहीनं पुसली. थोड्या वेळानं म्हणाला,
"शेवटचे पाच काढून टाक."

मी गणित मांडू लागले. प्रवाह घटेल.
सातला रोचेस्टरची बाई येणार आहे,
माशाच्या कानातलं हाड डबीत घालून;
तिला पूर्ण क्ष-किरण कबूल केलेत.
"चाळिसांना वाटून दे. तिचं तिला मिळेल.
मागं मोकळं ठेव.
जे रेंगाळतात, त्यांना निघायला वेळ लागतो."

पाच जागा रिकाम्या फिरू लागल्या.
दर फेरीला एवढासा काळ, ज्यात कुणीच येत नाही.
तेवढ्यात ती उरलेली हवा
आपली आपण भिंतीकडे निघून गेली.
स्पीकर खरखरला, मग नुसता घुमत राहिला,
शेजारच्या घरातल्या फ्रिजसारखा.

चाळिसावा अजून जरासा हलतो.
तो का हलतो ते बघायला
मी पाच पुंजके खोडून संगणक पुन्हा लावला. अकरा तास.
डेल्मर दुसऱ्यांदा उठला,
डाव्या हातात अर्धा कप घेऊन आला
आणि माझ्यासमोर ठेवला.